पहिली पावती

गावच्या बोलीशिवाय माझे सासरे आणखी तीन भाषा बोलत. घरात चिडले की पोवारी, गोंदियाला कामाला गेले की हिंदी, आणि काही लपवायचं असलं की शुद्ध मराठी. हे मला लग्नानंतर पहिल्या वर्षातच कळलं होतं, पण त्याचा उपयोग व्हायला वीस वर्षं लागली.

आमच्या गावात दर मंगळवारी बाजार भरतो. केशोरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून मैदान आहे, तिथे आसपासच्या खेड्यांतून भाजीवाल्या बाया येतात, पोतं अंथरतात आणि बसतात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात, सरपंच असताना त्यांनी त्या मैदानात सिमेंटचे चोवीस ओटे बांधले. उद्घाटनाला मंडप होता, बँड होता. मामाजींनी माईक हातात घेतला आणि म्हणाले की, शासनदरबारी अथक पाठपुरावा करून हा प्रकल्प आपण आपल्या गावासाठी खेचून आणलेला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांमध्ये बसले होते, मीही वाजवल्या. भाषेवरूनच संशय यायला हवा होता, पण तेव्हा मी नव्या चपलेने चावलेल्या पायाकडे बघत होते.

ओटे कमरेएवढे उंच होते. नकाशा जिल्ह्याच्या ठिकाणी कुणा साहेबाने काढलेला, आणि त्याने भाजी नेहमी उभ्याने घेतली असावी. आमच्याकडे गिऱ्हाईक भाजीवालीसमोर उकिडवं बसतं, एकेक वांगं उलटंपालटं करून बघतं, वीस मिनिटं घरच्या गोष्टी बोलतं आणि मग भाव पाडून मागतं. उभ्या माणसाशी असा सौदा होत नाही. शिवाय गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बसून माल विकणं हे आमच्या बायांना उद्धटपणाचं वाटलं. पहिल्या मंगळवारी दोघीजणी मामाजींच्या भिडेखातर चढून बसल्या. दुसऱ्या मंगळवारी सगळ्या खाली होत्या, आणि ओट्याला पाठ टेकून आरामात बसल्या होत्या. तेव्हापासून त्या ओट्यांचा तोच उपयोग आहे. इतर दिवशी त्यांवर धान वाळतं, मोहफुलं वाळतात, आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की पाहुणे त्यांवर बसून नाटक बघतात.

पुढे सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. मामाजींनी गावभर योग्य उमेदवार शोधला आणि तो घरातच सापडला. माझं बी.ए. झालेलं होतं, त्याचा एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच घरात उल्लेख झाला. मला फक्त सह्या करायच्या आहेत, बाकीचं ते बघून घेतील, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी मान डोलावली आणि निवडून आले.

पहिल्याच महिन्यात जिल्ह्याहून पत्र आलं. बाजार ओट्यांच्या बांधकामासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते अनेक वर्षं थकलेले असून ते व्याजासह भरावेत, नाहीतर पुढच्या कुठल्याही कामाला मंजुरी मिळणार नाही. मला वाटलं, दुसऱ्या गावाचं पत्र चुकून आमच्याकडे आलं. मी ग्रामसेवकाला तसं म्हटलं. हा माणूस जगात दोनच गोष्टींना भीत असे, ऑडिटला आणि माझ्या सासऱ्यांना. त्याने लोखंडी कपाट उघडलं, जुनं ठराव बुक काढलं, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि पाणी पिऊन येतो म्हणून जो बाहेर गेला तो जेवणाच्या सुट्टीनंतरच आला.

ठराव मामाजींच्या हातचा होता. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. मी तो दोनदा वाचला, आणि सांगते, त्याच्याइतकं काटेकोर लिखाण आमच्या गावात दुसरं झालेलं नाही. ओट्यांसाठी कर्ज काढण्यात येत आहे. कर्जाच्या परतफेडीसाठी प्रत्येक घरावर वेगळा कर बसवण्यात येत आहे. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत हा कर कोणत्याही सरपंचास रद्द किंवा कमी करता येणार नाही. बाजाराचं उत्पन्न कमी पडल्यास कर वाढवण्यात येईल. या कराची रक्कम वेगळ्या खात्यात राहील आणि कर्जफेडीशिवाय अन्य कारणासाठी तिला कोणी हात लावणार नाही. ठराव वाचून दाखवण्यात आला व सर्वानुमते मंजूर.

सर्वानुमते म्हणजे किती जणांच्या, तेही खाली होतं. पहिली ग्रामसभा ऐन रोवणीत, म्हणजे भातलावणीत, ठेवली होती. सगळं गाव शेताच्या बांधीत वाकलेलं, कोरम कुठून होणार? सभा तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही ही सोय कायद्यात आहे, आणि ती ज्याने ठेवली त्याने आमच्या गावात काही दिवस काढले असावेत. दुसऱ्या सभेला सदस्य, ग्रामसेवक, कोतवाल आणि रेशनकार्डावर सही घ्यायला आलेले दोघे एवढेच हजर होते. त्या दोघांनी कर्जाला मंजुरी देऊन रेशनकार्डावर सही मिळवली.

कर मात्र एक दिवसही वसूल झाला नव्हता. पहिले दोन हप्ते मामाजींनी रस्त्यावरच्या दिव्यांच्या पैशातून भरले होते. त्या दोन वर्षांत गावात अंधार होता, आणि गाव वीजवाल्यांना शिव्या देत होतं. मीही दिल्या होत्या. नंतरच्या सरपंचाने जिल्ह्याची पत्रं त्याच कपाटात ठेवली आणि स्वतःच्या पाच वर्षांत किल्ली सापडू दिली नाही.

संध्याकाळी जेवताना मी मामाजींना विचारलं. ते भातात वरण कालवत म्हणाले, "ती केवळ एक तांत्रिक बाब आहे." शुद्ध मराठीत. मी काय समजायचं ते समजले.

मला त्यांचा राग आला, आणि तो बराच काळ राहिला. कर्ज काढलं म्हणून नव्हे, गावाला लागणारं काम कर्ज काढून करतात. पण कर्ज आणलं आणि बक्षीस आणल्याचा बँड वाजवला, याचा राग आला. आणखी एक कबूल करते. तोवर मला ते काम आवडायला लागलं होतं. सकाळी चाव्यांचा जुडगा घेऊन पंचायतीत जायचं, लोक काय म्हणतात ते ऐकायचं, कागद स्वतः वाचायचे. सह्या करण्यापुरतं मला ठेवलेलं होतं, आणि मी सहीच्या वरचा मजकूर वाचायला लागले होते. ते मला सोडायचं नव्हतं.

म्हणून मी ठरावाप्रमाणे कर लावला. नवं काही केलं नाही, जे लिहिलं होतं तेच केलं. आमच्या पंचायतीत लिहिलेलं अमलात आणणं हा प्रकार लोकांना इतका नवीन होता की आधी त्यांना तो माझा आचरटपणाच वाटला.

बिलं छापली, त्यात घरपट्टी, पाणीपट्टी यांच्या खाली नवी ओळ आली, बाजार ओटे कर्जफेड कर. शिपायाने घरोघर बिलं वाटून सह्या घेतल्या. पहिलं बिल आमच्या घरी आलं. घर मामाजींच्या नावावर, सहीही त्यांनीच केली. मग चष्मा लावून ती ओळ वाचली, बिलाची घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली आणि हा कर आपण भरणार नाही असं पोवारीत सांगितलं. म्हणजे खरंच भरणार नव्हते.

आता इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. मंडईची वर्गणी निघते तेव्हा पहिली पावती आमच्या घरची फाटते. माझ्या आजेसासऱ्यांच्या काळापासून असंच आहे. ती पावती फाटल्याशिवाय गावात कुणी दमडी काढत नाही, आणि फाटली की नाही म्हणत नाही. एका वर्षी मामाजी गोंदियाला दवाखान्यात भरती होते, तर मंडळ पावतीबुक घेऊन खाटेपाशी गेलं. सलाइन लावलेल्या हाताने त्यांनी नोट दिली, तेव्हा कुठे मंडईचा मंडप ठोकायला सुरुवात झाली.

ही रीत गावाने करालाही लावली. लोक येत, खिशात पैसे घेऊन येत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लिपिकाला अदबीने विचारत, मालकाची, म्हणजे मामाजींची, पावती फाटली का? तो म्हणे, नाही. मग आम्ही मागून येतो, म्हणत आणि चहा पिऊन जात. असा महिना गेला. वेगळं खातं उघडलं होतं, त्यात खातं उघडायला लागतात तेवढेच पैसे होते.

तेवढ्यात उपसरपंचाने मला कायदा सांगितला. हा गृहस्थ माझ्या खुर्चीवर बसून बघायचा, मी बाहेर गेले की. त्याने प्रेमाने चौकशी केल्यासारखं सांगितलं की, बिल हाती पडल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यत्व जातं. आणि एकत्र कुटुंबात एकाने थकवला तर घरातले सगळेच थकबाकीदार धरले जातात. ग्रामसेवकाने कलम काढून दाखवलं, ते तसंच होतं. म्हणजे मामाजींनी बसवलेला कर मामाजींनी भरला नाही म्हणून मामाजींनी बसवलेली सरपंच उठणार होती. उपसरपंचाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या शेवटच्या तारखेभोवती गोल केला. माझ्या आठवणीसाठी, म्हणाला.

त्याने स्वतःचं काय केलं, ते लिपिकाने मला हळूच सांगितलं. पंचायतीच्या भिंतीवर फोनवरून पैसे भरायचा कोड लावलेला आहे, ते पैसे आधी पंचायतीच्या नेहमीच्या खात्यात जातात. त्याने आपला कर पहिल्याच आठवड्यात घरबसल्या फोनवर भरून टाकला होता. पावती फाटली नाही, म्हणजे रीत मोडली नाही, आणि कायदाही सांभाळला. गावासमोर मात्र तो इतरांसारखाच मालकाच्या पावतीची वाट बघत होता.

माझ्या नवऱ्यानेही मला तेच सुचवलं. गुपचूप फोनवर भर आणि मोकळी हो. खुर्ची वाचली असती, खरं आहे. पण फोनवरची पावती कुणी फाटताना पाहिली नसती, आणि गावाने एक रुपया भरला नसता. कर्ज तिथेच, मी खुर्चीवर, आणि कपाटाची किल्ली आता माझ्या कमरेला, एवढाच फरक. त्यासाठी मला सरपंच राहायचं नव्हतं. माझ्या डोक्यात रागही होता. ज्यांनी बँड लावला त्यांनीच भरावं, आणि सगळ्यांसमोर भरावं, असं मला वाटत होतं. नवरा म्हणाला, तू आणि बाबा अगदी एकसारखे आहात. मला ते अजिबात आवडलं नाही.

आत्याबाई, माझ्या सासूबाई, मात्र वेगळं सांगत होत्या. त्यांच्या मते पैशाचा प्रश्नच नव्हता. मामाजींनी पैसे कधीच बिलात घालून ठेवले होते, कोटाच्या खिशात. ते दर मंगळवारी बाजाराकडे फिरायला जात, ते हल्ली जात नव्हते. लोक म्हणतील म्हाताऱ्याने गाव गहाण टाकलं, ही एकच गोष्ट ते आत्याबाईंपाशी बोलत होते. ऐकून माझा राग जरा उतरला. पण त्यांना जाऊन बरं वाटेल असं काही मी बोलले नाही, आणि कॅलेंडरवरचा गोल जवळ येत राहिला.

तो गोल मंगळवारीच आला. बाजार भरला होता, बाया ओट्यांना पाठ टेकून बसल्या होत्या. पंचायत मैदानाला लागूनच आहे. मी माझ्या टेबलाचे ड्रॉवर आवरत होते, कारण दुसऱ्या दिवशी तक्रार जाणार हे नक्की होतं. उपसरपंच समोरच बसला होता, त्याच्या पिशवीतून टाइप केलेल्या अर्जाचा कोपरा बाहेर दिसत होता.

दुपारी बाहेरचा गलबला एकदम कमी झाला. मामाजी येत होते. पांढरं धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी, म्हणजे मंडईचा पोशाख. मागे माणसं जमत आली. खिडक्यांना चेहरे लागले, भाजीवाल्याही पोतं तसंच टाकून आल्या. मामाजी आत आले, खुर्चीवर बसले, खिशातून घडी काढली, पैसे लिपिकासमोर ठेवले आणि म्हणाले, "फाड."

लिपिकाने हात जोडून पावतीबुक उघडलं. मामाजींनी त्याला थांबवलं आणि शुद्ध मराठीत सांगितलं की ही रक्कम बाजाराच्या विकासासाठी त्यांच्यातर्फे देणगी म्हणून नोंदवावी.

लिपिक माझ्याकडे बघायला लागला. उपसरपंचाच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की तो लपवायला त्याने रुमाल काढला. त्याला कळलं होतं, मलाही कळलं होतं. देणगी म्हणजे कर नव्हे. देणगीची पावती फाटली की गाव देणग्या देईल, मनाला येईल तेवढ्या, एकदाच. कर भरलेला नसणार, आणि मी संध्याकाळपर्यंत थकबाकीदार.

वीस वर्षांत मी चार माणसांत मामाजींना उलट बोलले नव्हते. डोक्यावरचा पदर सारखा केला, उगाचच, तो सारखाच होता. आणि म्हणाले, "मामाजी, देनगीची पावती फाडली तं कर तसाच राहते. माही खुर्ची जाते, ते जाऊ द्या. पन कर्ज गावाच्या डोक्शावरच राहते."

ते खुर्चीतच माझ्याकडे वळले. मग विचारलं, "म्हनजे इतक्या लोकायसमोर कर्ज म्हनून लिवाव?"

"तुमीच लिवलं हाय, मामाजी. ठराव बुकात."

त्यांनी ठराव बुक मागितलं. ग्रामसेवक या वेळी पाणी प्यायला गेला नाही, त्याने ते आणून दिलं. मामाजींनी चष्मा लावला, उभे राहिले आणि आपलाच ठराव मोठ्याने वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, रद्द करता येणार नाही, अन्य कारणासाठी हात लावता येणार नाही, सगळं. खाली सह्या होत्या त्याही वाचल्या. रेशनकार्डवाल्यांपैकी एक खिडकीतच उभा होता, तो आपलं नाव ऐकून मागे सरकला. त्या ठरावाचं खऱ्या अर्थाने वाचन झालं ते त्या दिवशी, आणि कोरमही पुरेसा होता.

पुस्तक मिटून त्यांनी चष्मा काढला आणि गावच्या बोलीत म्हणाले, "कर्ज मी आनलो. तुमाले सांगलो नाई."

मला वाटलं, आता म्हातारा इथेच कोसळतो. मला रडू येत होतं आणि स्वतःचा राग येत होता, की हे असं व्हावं म्हणून आपणच तीन महिने वाट बघितली. तेवढ्यात खिडकीतून एक भाजीवाली बोलली. कर्जाच्या ओट्याला सगळ्यात जास्त वर्षं पाठ टेकून बसलेली तीच असेल.

"आमाले मालूम होता, मालक. सरकार काई फुकटात इतले उच्चे ओटे बांधून देते का?"

मामाजींनी विचारलं, "मंग इतके वर्स बोलल्या काऊन नाई?"

"तुमी बोलाची वाट पाहून राहिलो होतो," ती म्हणाली आणि आपल्या भाजीकडे निघून गेली.

पावती फाटली. करापोटी, कर्जफेड, असं लिपिकाने लिहिलं आणि मामाजींनी ते तपासून घेतलं. मग रांग लागली. लिपिकाला दोन पावतीबुकं पुरली नाहीत. रांगेत उपसरपंचही होता. तो एकटाच बसून राहिला असता तर लोकांनी विचारलं असतं, आणि फोनवर आधीच भरलंय हे तर सांगायची सोय नव्हती. त्याने सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा कर भरला. ती जास्तीची रक्कम पुढे कितीतरी दिवस पंचायतीच्या दप्तरी आगाऊ म्हणून पडून होती. परत मागायला तो कधी आला नाही.

संध्याकाळी घरी मामाजी ओसरीवर बसले होते. टोपी अजून डोक्यावरच होती. मी चहा दिला. त्यांनी मला विचारलं की कर्ज कधी फिटेल. मी म्हटलं, तुम्ही लिहिलंय तसंच, शेवटचा हप्ता जाईपर्यंत कर चालेल, आणि हप्ते अजून बरेच आहेत. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"मंग तवरीक मले राहा लागन," ते म्हणाले.

पुढच्या प्रत्येक वर्षी बिलं निघाली की मामाजी मंडईचा पोशाख घालून पंचायतीत गेले आणि पहिली पावती फाडून आले. माझी पाच वर्षं संपली, दुसरी बाई सरपंच झाली, तरी गेले. शेवटच्या वर्षी नवऱ्याने त्यांना मोटारसायकलवर नेलं. मग ते गेले. त्यांच्या हिशेबात तीन हप्ते कमी पडले.

ओटे तसेच उंच आहेत, बाया तशाच खाली बसतात. एक हप्ता उरला आहे. घर नवऱ्याच्या नावावर करायचा अर्ज मी भरून ठेवला आहे, पण अजून दिलेला नाही. त्यामुळे बिल मामाजींच्याच नावाने येतं, मी पैसे नेऊन देते, आणि लिपिक पहिली पावती त्यांच्याच नावाची फाडतो. मेलेल्या माणसाकडून कर घेता येतो का, हे कायद्यात कुठेतरी असेलच. आयुष्यात एवढे कागद वाचले, तो एक मी वाचलेला नाही.